बोट डुलायची, दोष निघाला स्टिअरिंगमध्ये

नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला मामेभावाची जुनी फायबरची बोट असते, मागे १५० हॉर्सपॉवरचं इंजिन. मोबाइलच्या जीपीएसवर ताशी ७५ किलोमीटरचा आकडा आला की बोट डावी-उजवी डुलायची, आणि झोका दर खेपेला वाढायचा. दादा म्हणायचा, "वारा आहे रे." कसला वारा! पाणी परातीतल्यासारखं शांत.

एवढ्या वेगात बुडाचा फक्त मागचा थोडासा भाग पाण्याला टेकलेला असतो. तारेवरची कसरतच ती. त्यात स्टिअरिंग ढिलं असेल तर संपलंच.

बोट ट्रेलरवर घेतली. दादाला स्टिअरिंगचं चाक घट्ट धरायला लावलं आणि मी मागे जाऊन इंजिनचं खालचं टोक दोन्ही हातांनी हलवलं. चाक जागचं हललं नाही, इंजिन मात्र बोटाच्या रुंदीएवढं सरकलं. केबल जिथे इंजिनला जोडते तिथला बुश (सांध्यातली धातूची छोटी नळी) झिजून लंबगोल झाला होता. अंबडला लेथवाल्याकडून गनमेटलचा नवा करून घेतला, नटही बदलले.

डुलणं निम्म्यावर आलं. मग लक्षात आलं, चालवणारा उजवीकडे आणि बॅटरीही उजवीकडेच! बॅटरी डावीकडे नेली. इंजिन जरा जास्तच वर बसवलेलं होतं, ते बोल्टच्या भोकांमधलं एक भोक खाली घेतलं.

आता ८० ला सरळ जाते. ट्रिम, म्हणजे इंजिनचा कल, फार वर केला तर अजून चुळबुळते. तेव्हा थ्रॉटल हळूच कमी करायचा, झटक्यात सोडायचा नाही. लाइफ जॅकेट आणि किल स्विचची दोरी (चालवणारा पडला तर इंजिन बंद करणारी) मात्र दादाला दर वेळी ओरडून लावायला लागते.