धुक्यात-पावसात विमान उतरवताना कॉकपिटमधल्या या चुका टाळा

गोंदियात किंवा बारामतीत उड्डाण शिकून एअरलाइनच्या उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या, सीटवर नुकतेच बसलेले, किंवा लवकरच बसणारे, यांच्यासाठी हे लिहितोय. कमी दृश्यतेतल्या अपघातांचे अहवाल वाचले की लक्षात येतं, हात चुकण्याच्या बऱ्याच आधी निर्णय चुकलेला असतो.

मिनिमापर्यंत निर्णय लांबवणं

साध्या कॅट-१ आयएलएसवर (रेडिओ संकेतांच्या मदतीने उतरण्याच्या यंत्रणेवर) निर्णयाची उंची २०० फूट आणि धावपट्टीवरची दृश्यता (आरव्हीआर) किमान ५५० मीटर लागते. याच मर्यादा म्हणजे मिनिमा. दोनशे फुटांवरून चाकं टेकेपर्यंत पंधरा-वीस सेकंद मिळतात. तेवढ्यात ‘उतरायचं की नाही’ एवढाच प्रश्न सुटतो. ‘नाही तर कुठे जायचं, इंधन किती, वारा कुठल्या बाजूचा’ हे खाली उतरायला सुरुवात करण्याआधीच ठरलेलं हवं.

केरळमधल्या कोझिकोडचा अपघात याच कारणासाठी नीट वाचायला हवा. ७ ऑगस्ट २०२०, दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं बोइंग ७३७, संध्याकाळचा मुसळधार पाऊस, टेबलटॉप (पठारावरची, टोकाला उतार असलेली) धावपट्टी. धावपट्टी २८ वरच्या पहिल्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला. गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर जाणं) केला, तो बरोबरच होता. पण पुढच्या काही मिनिटांत जे बोलणं व्हायला हवं होतं, ते झालं नाही. दुसऱ्या प्रयत्नासाठी धावपट्टी १० (तीच पट्टी, उलट दिशेने) घेतली, म्हणजे मागून वारा. ओल्या धावपट्टीवर, मागून वारा असताना थांबायला किती अंतर लागेल, हा हिशेब नव्याने केला नाही. पर्यायी विमानतळावर जाण्याचा विचारही गंभीरपणे पुढे आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या फ्लाइटवर त्याच कॅप्टनची ड्युटी होती आणि कोझिकोडला कॅप्टन कमी होते. कोझिकोडलाच उतरायचं या ओढीचा उल्लेख तपास अहवालात आहे. रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, असं कॉकपिटमध्ये येऊन बसतं आणि ते कुठल्याच चेकलिस्टमध्ये नसतं. म्हणून ब्रीफिंगमध्ये एक प्रश्न मोठ्याने विचारून टाका: इथेच उतरण्याची आपल्याला घाई का आहे?

‘सर, जरा बघा ना’

त्याच विमानात ऑटोपायलट काढल्यावर, शेवटच्या काहीशे फुटांत खाली येण्याचा वेग मर्यादेबाहेर गेला आणि सहवैमानिकाने तो लक्षात आणून दिला. धावपट्टीवर आल्यावर विमान तरंगतच राहिलं. आधी ‘जरा बघा’ अशा अर्थाचं काहीतरी, मग ‘कॅप्टन’ अशी हाक, आणि अगदी शेवटी ‘गो-अराउंड’. तोवर २,७०० मीटरच्या धावपट्टीतली जवळपास निम्मी मागे गेली होती. १९० जणांपैकी दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. गो-अराउंडची हाक आली तेव्हा तो करायलाच हवा होता आणि कॅप्टनने केला नाही, तर सहवैमानिकाने ताबा घ्यायला हवा होता, असं अहवाल म्हणतो.

नियमाने हे बरोबर आहे. पण एकाकडे दहा हजारांहून जास्त तास, दुसऱ्याकडे दोन हजारांच्या आत, आणि जमीन दहा-पंधरा फुटांवर असताना कंट्रोल हिसकावणं जवळजवळ अशक्य असतं, हेही मान्य करायला हवं. आपल्याकडे वयाने मोठ्या माणसाला तोंडावर ‘नाही’ म्हणायची सवय नाही, म्हणून वाक्यं मऊ होत जातात. उपाय म्हणजे ठरलेली हाक ठरलेल्या उंचीवर देणं. ढगात किंवा धुक्यात असाल तर १,००० फुटांवर वेग, उतरण्याचा दर, फ्लॅप, थ्रस्ट यातलं काहीही जागेवर नसेल तर ‘अनस्टेबल, गो-अराउंड’, एवढंच. मागेपुढे विनवणी नको. दोनदा सांगून उत्तर आलं नाही तर ताबा घ्यायचा, हेही त्याच कॅप्टनसोबत जमिनीवरच बोलून ठेवा. वरिष्ठांना हे विचारलेलं आवडतं. ज्यांना आवडत नाही, त्यांच्यासोबत तर बोललंच पाहिजे.

‘पुढचा उतरला की!’

१० एप्रिल २०१० ला रशियातल्या स्मोलेन्स्कला पोलंडच्या राष्ट्राध्यक्षांचं टीयू-१५४ दाट धुक्यात आलं. त्याआधी त्यांचंच छोटं याक-४० तिथे उतरलं होतं आणि त्याच्या वैमानिकांनी रेडिओवर सांगितलं, हवा वाईट आहे, पण प्रयत्न करून बघा. धुकं मधल्या काळात आणखी दाट झालं होतं. टीयू-१५४ मध्ये नॅव्हिगेटर उंची वाचत होता ती रेडिओ अल्टिमीटरवरून, म्हणजे थेट खालच्या जमिनीपासूनची, आणि धावपट्टीआधी जमीन खोलगट होती. त्यामुळे विमान धावपट्टीच्या पातळीपासून आहे त्यापेक्षा उंच वाटत राहिलं. ९६ जण गेले. पुढच्याचं विमान वेगळं, त्याचे पाच मिनिटांपूर्वीचे ढग वेगळे. तुमच्यासाठी आत्ताचा आरव्हीआर आणि तुमची स्वतःची मिनिमा, एवढंच खरं.

एक दिवा दिसला की नजर बाहेर

अप्रोच लाइट्सची एक रांग दिसली की दोघेही काचेतून बाहेर बघू लागतात, आणि नाक नकळत खाली जातं. काचेवर पाणी असेल तर विमान आहे त्यापेक्षा उंचावर असल्याचा भास होतो, म्हणजे ओढ आणखी खालीच. एकाची नजर आतच राहिली पाहिजे. कमी दृश्यतेत सहवैमानिक इन्स्ट्रुमेंटवर उडवतो आणि कॅप्टन बाहेर बघून निर्णय घेतो, ही पद्धत अनेक कंपन्या वापरतात ती यासाठीच.

सुरू केलेला गो-अराउंड रद्द करणं

१४ नोव्हेंबर १९९०, झुरिक. आलितालियाच्या डीसी-९ मध्ये रात्री सहवैमानिकाने गो-अराउंड सुरू केला आणि कॅप्टनने तो थांबवला. ग्लाइडस्लोप (खाली येण्याचा योग्य उतार) दाखवणारा रिसीव्हर चुकीचं सांगत होता. विमान टेकडीवर आदळलं, ४६ मृत्यू. तेव्हापासूनचा धडा सोपा आहे: कुणीही गो-अराउंड म्हटलं की वर जायचं, वाद वर गेल्यावर. आणि वर गेल्यावर लगेच दुसऱ्या प्रयत्नाला वळू नका. होल्ड (घिरट्या घालत थांबण्याची परवानगी) मागा, आरव्हीआर विचारा, लँडिंगचं अंतर पुन्हा काढा, आणि इंधन कुठल्या आकड्यावर आलं की डायव्हर्ट करायचं (दुसरीकडे वळायचं), तो आकडा दोघांनी बोलून लिहून ठेवा. तो आकडा आला की एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रणाला) पर्यायी विमानतळाचं नाव सांगायचं.