संग्राह्य कार्डाचे मोल कसे पारखावे

हाती आलेले कार्ड दुर्मीळ आहे का, हे पाहताना प्रथम त्यावरील खूण शोधावी. पोकेमॉनच्या कार्डावर खालच्या कोपऱ्यात वर्तुळ असल्यास ते सर्रास मिळणारे, पत्त्यांतील चौकटसारखी खूण असल्यास थोडे कमी आढळणारे आणि तारा असल्यास दुर्मीळ समजावे. मात्र दुर्मीळतेला मागणीची जोड नसेल, तर किंमत येत नाही. १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून आलेल्या मालिकेतील होनस वॅग्नर या थोर बेसबॉलपटूच्या कार्डाच्या फारच थोड्या प्रती उरल्या आहेत आणि त्यांना मागणीही मोठी आहे, म्हणूनच २०२२ मध्ये त्यांपैकी एक ७२.५ लाख डॉलरला विकली गेली.

त्यानंतर स्थिती तपासावी, आणि माझ्या मते नवशिके येथेच सर्वाधिक चुकतात. कार्ड कडांना धरून दिव्याखाली तिरके केले, की समोरून न दिसणारे केसासारखे बारीक ओरखडे चमकून उठतात. भिंगातून कोपरे न्याहाळल्यास रंग उडून आतला पांढरा कागद कोठे डोकावतो आहे, तेही कळते. समोरासमोरचे समास सारखे आहेत का, हे मोजावे. कार्डे तपासणाऱ्या पीएसएसारख्या संस्था अशाच निकषांवर १ ते १० (सर्वोत्तम) अशी श्रेणी देतात, आणि ९ व १० यांतील फरक डोळ्यांना जेमतेम जाणवला, तरी किमतीत तो अनेक पटींचा असू शकतो. कार्ड पुसून उजळण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.