बातमीत कर्ता शोधा, मग खिसा चाचपा

2023 च्या मार्च अखेरची गोष्ट. सेलूत स्टेशन रोडला माझं मोबाईल-रिचार्जचं दुकान आहे, समोर चहाची टपरी. सकाळी शटर वर केलं तर टपरीवाल्यानं क्यूआर कोडवर कॅलेंडरचं जुनं पान उलटं चिकटवलेलं.

"कामून झाकलं रे?"

"दोन हजाराच्या वर पैसे कापायलेत म्हणं, एक तारखेपासून."

त्याचा चहा दहा रुपयांना. एका दमात दोन हजारांचा चहा पिणारा माणूस मला तरी अजून भेटायचाय. पण त्या दिवशी बाजारात निम्म्या दुकानांत हीच चर्चा होती, आणि खरं सांगायचं तर सकाळी दहापर्यंत मीही "रोख द्या" म्हणत होतो.

बातमी अगदीच खोटी नव्हती. एखाद्यानं वॉलेटमध्ये आधी पैसे भरून ठेवले आणि त्या वॉलेटमधून यूपीआयनं दुकानदाराला 2000 रुपयांपेक्षा जास्त दिले, तर दुकानदाराच्या बाजूनं वॉलेट कंपनीला जास्तीत जास्त 1.1 टक्के शुल्क (त्याला इंटरचेंज म्हणतात) मिळणार, एवढाच तो मामला. बँक खात्यातून बँक खात्यात गेलेल्या पैशाला काही नाही आणि ग्राहकाला तर काहीच नाही. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं स्वतःच तसं जाहीर केलं. पण तोवर कॅलेंडरचं पान चिकटलं होतं.

माझ्या दुकानात एक बाकडं आहे. त्यावर दुपारी एक निवृत्त गुरुजी पेपर वाचत बसतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायचे. त्या दिवशी त्यांनी पेपर माझ्यापुढं टाकला. म्हणाले, "सातवीतलं विसरलास का? वाक्यातला कर्ता सांग. मग क्रियापद. मग कर्म." तेव्हापासून मोबाईल, ॲप, कंपन्या आणि सरकारी नियम यांची कुठलीही बातमी मी याच रीतीनं फोडतो. ती रीत इथं लिहून ठेवतोय. मत कुणी काय द्यायचं ते देवो, फक्त वाक्य फोडून झाल्यावर द्यावं.

कर्ता

"यूपीआयवर शुल्क आकारले जाणार." या वाक्यात कर्ता कुठंय? नाही. गुरुजी याला कर्मणी प्रयोग म्हणतात, मी याला गिऱ्हाईक घाबरवणं म्हणतो. असं वाक्य दिसलं की पहिल्यांदा विचारायचं: आकारणार कोण? आणि त्याला तो अधिकार आहे का?

त्यासाठी कोणाकडं काय आहे ते ठाऊक पाहिजे. बँका, वॉलेट आणि कर्ज देणारे वित्तीय धंदे रिझर्व्ह बँकेकडं. यूपीआय चालवते एनपीसीआय. ते सरकारी खातं नाही, रिझर्व्ह बँकेच्या पुढाकारानं बँकांनी मिळून उभी केलेली संस्था आहे. कॉल-डेटाच्या ग्राहकांचे नियम ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक संस्था, करते. सिम कोणाला आणि कसं द्यायचं, ते दूरसंचार विभागाकडं. मोठी कंपनी दादागिरी करायली म्हणून दंड ठोकायचा तर तो स्पर्धा आयोग ठोकतो; 2022 च्या ऑक्टोबरात त्यानं गुगलला अँड्रॉइडच्या प्रकरणात 1337.76 कोटींचा ठोकला होता. ॲपवर बंदी माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाची. 29 जून 2020 ला टिकटॉकसह 59 ॲप बंद झाली ती तिथूनच. आमच्याकडची दोन-चार पोरं त्या दिवशी सुतकात असल्यासारखी बाकड्यावर बसली होती.

आता "ट्राय यूपीआयवर चार्ज लावणार" असा मेसेज आला तर पुढं वाचायची गरजच नाही. ते म्हणजे तलाठ्यानं बाळंतपण केलं म्हटल्यासारखं आहे.

कर्ता बरोबर असला तरी गणित बसतं का ते बघा. 2025 च्या एप्रिलात उठलं की 2000 च्या वरच्या यूपीआयला जीएसटी लागणार. जीएसटी परिषद करावर ठरवू शकते, म्हणजे कर्ता खपण्यासारखा. पण इथं कर लागला असता तो व्यवहारावरच्या शुल्कावर, पाठवलेल्या रकमेवर नव्हे. आणि बँक खात्यातून दुकानदाराला यूपीआयनं दिलेल्या पैशावरचं शुल्क, ज्याला एमडीआर म्हणतात, ते जानेवारी 2020 पासून शून्य आहे. शून्यावर कर किती? शून्य. 18 एप्रिलला अर्थ मंत्रालयानंही हेच सांगितलं. गुरुजींनी आदल्या दिवशीच पाटीवर मांडून दाखवलं होतं.

उलटंही होतं, चुकीच्या माणसाला शिव्या बसतात. 2024 च्या जुलैत रिचार्ज महागलं तेव्हा रोज पाच-दहा जण येऊन ट्रायच्या नावानं बोटं मोडायचे. मोबाईलचे दर ट्राय ठरवत नाही. ते बहुतेक सगळे कंपन्यांवर सोडलेले आहेत. कंपनी ठरवते आणि ट्रायला कळवते. माझं मत विचाराल तर राग दरवाढीपेक्षा या गोष्टीचा यावा की खासगी कंपन्या आता तीनच उरल्यात. दुकान टाकलं तेव्हा भिंतीवर इतक्या कंपन्यांचे बोर्ड होते की रंग दिसत नव्हता. त्या जुलैत लोक रागानं बीएसएनएलला पोर्ट झाले. ज्यांच्या गावात रेंज मिळाली ते राहिले, बाकीचे दिवाळीपर्यंत परत आले. कमिशन मला दोन्ही वेळा मिळालं, ते लपवत नाही.

क्रियापद

सगळी गोम इथं आहे. मी दुकानात एका पुठ्ठ्यावर पायऱ्या लिहून टांगल्यात: विचारात आहे, मसुदा आला, विधेयक मांडलं, कायदा झाला, नियम आले, लागू झालं. प्रत्येक बातमी यातल्या कुठल्या तरी पायरीवर उभी असते. पेपरवाले पहिल्या पायरीलाच "आता" असं मोठ्या अक्षरात छापतात.

खाजगी माहितीच्या कायद्याचंच घ्या. 2017 च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. 2019 ला विधेयक आलं, 2022 ला सरकारनं ते परत घेतलं. 2023 च्या ऑगस्टात नवा कायदा झाला, दंड 250 कोटींपर्यंत. तेव्हा एक गिऱ्हाईक माझ्याशी भांडलं की आता तू माझं आधार मागूच शकत नाहीस. कायदा झाला होता, पण लागू कुठं झाला होता? त्याच्या पहिल्याच कलमात लिहिलंय की केंद्र सरकार सांगेल त्या तारखेपासून, आणि वेगवेगळ्या कलमांना वेगवेगळी तारीख चालेल. नियम आले 2025 च्या नोव्हेंबरात, तेही मुख्य जबाबदाऱ्यांना अठरा महिने देऊन. कोर्टाच्या निकालापासून सगळं लागू होईपर्यंत दहा वर्षं धरा ना!

म्हणून एक सवय लावा: कायदा कितीही पानांचा असो, पहिलं कलम वाचा. अधिसूचना असेल तर "अंमलात येईल" हे शब्द शोधा. बाकी काही नाही कळलं तरी चालतं.

भांडण मी जिंकलो, पण घरी जाऊन झोप लागली नाही. कारण आधारच्या झेरॉक्सचा अख्खा कट्टा माझ्या दुकानात पडलेला होता, जुन्या काळातल्या सिमच्या फॉर्मचा. आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी उधारी लिहायचो. कुणाच्या तरी आज्जीच्या आधारच्या पाठीवर "ईअरफोन 150 बाकी." दुसऱ्या रविवारी मळ्यात नेऊन सगळा कट्टा जाळला. लागू नव्हतं, तरी जाळला. उधारीही गेली त्यात.

पायऱ्यांवरून बातमी खालीही उतरते, हे ध्यानात असू द्या. 2025 च्या डिसेंबरच्या एक तारखेला बातमी आली की दूरसंचार विभागानं प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी ॲप आधीच टाकायचा हुकूम कंपन्यांना दिलाय. एक जण आला, "माझ्यातून काढून दे." दुसरा आला, "माझ्यात टाकून दे, नाहीतर फोन बंद पडतो म्हणं." मी ठरवत होतो की आपलं मत काय. ॲप कामाचं आहे, चोरीचा फोन ब्लॉक करता येतो, आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते कळतं. पण सक्ती कशाला? तेवढ्यात तीन तारखेला सक्ती मागं घेतली. माझं मत तसंच राहिलं, कुणी विचारलंच नाही.

आणि एक क्रियापद आहे ते पुठ्ठ्यावर नाही: "मुदतवाढ". यूपीआयमध्ये कुठल्याही एका ॲपचा वाटा 30 टक्क्यांच्या वर नको, असं एनपीसीआयनं 2020 च्या नोव्हेंबरात ठरवलं. मुदत आधी 2022 अखेर, मग 2024 अखेर, मग 2026 अखेर. बाजार दोनच ॲपांच्या हातात आहे. मला नाही वाटत हे कधी होईल. होऊ घातलेलं लग्न दोनदा पुढं गेलं की आमच्याकडं मंडपवाला सुपारी परत करतो.

गुंतवणुकीच्या बातम्यांत हेच क्रियापद लोकांना बुडवतं. आमच्या मराठवाड्याला तर याची सवय आहे. "सामंजस्य करार" म्हणजे साखरपुडाही नाही, बघण्याचा कार्यक्रम. 2024 च्या जुलै अखेरीस छत्रपती संभाजीनगरला टोयोटा किर्लोस्करच्या वीस हजार कोटींच्या कारखान्याचा करार झाला, आनंदच आहे. पण करार, जमीन, बांधकाम, मशिनरी आणि भरतीची जाहिरात यांत वर्षं जातात. आमच्या मेव्हण्यानं बिडकीनकडं प्लॉट घेतला तो पहिल्या बातमीच्या दिवशी, चढ्या भावानं. त्यानं भरतीच्या जाहिरातीपर्यंत दम धरायला पाहिजे होता असं मी म्हणतो. बायको म्हणते गप बसा.

कर्म

म्हणजे हे कोणावर पडणार. 2023 मध्ये छापून आलं, "सिमकार्ड घेण्याचे नियम कडक." लोक घाबरले. नीट वाचलं तर 1 डिसेंबरपासून सिम विकणाऱ्याची नोंदणी आणि तपासणी होणार होती आणि मोडलं तर दहा लाखांपर्यंत दंड. घेणारा बाजूलाच, त्या वाक्यातलं कर्म मी होतो.

बजेटच्या दिवशी दुकानात हमखास वाद होतो. 2024 च्या जुलैत मोबाईलवरचं आयात शुल्क 20 चं 15 टक्के झालं. दुसऱ्या दिवशी आडतीवरचा एक हमाल आला, "बारा हजाराचा फोन आता सहाशेनं कमी द्या." हिशोब त्याचा चोख होता, कर्म चुकलं होतं. आयात शुल्क बाहेरून आलेल्या फोनवर. त्याच्या पसंतीचा फोन जोडला होता नोएडात, खोक्याच्या मागच्या बाजूला छापलेलं दाखवलं. भारतात विकले जाणारे बहुतेक फोन आता इथंच जोडलेले असतात. असंच 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा झालं: 32 इंचांच्या वरचा टीव्ही 28 वरून 18 वर आला, मोबाईल मात्र 2020 पासून 18 वर होता तो तिथंच राहिला. शेजारच्या टीव्हीवाल्याकडं गर्दी, माझ्याकडं नुसती हुज्जत.

कधी कधी कर्म तुमच्या फायद्याचं असतं आणि बातमी आतल्या पानावर चार ओळींची असते. ट्रायनं 2024 च्या डिसेंबरात कंपन्यांना सांगितलं की फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅकही ठेवा. कीपॅडचा फोन वापरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला रोजचा दीड जीबी कशाला? पण दुकानदार हा पॅक आपणहून सांगेलच असं नाही. मागून घ्या.

कुठं बघायचं

पीआयबी म्हणजे केंद्र सरकारचं पत्र सूचना कार्यालय, त्याची पत्रकं मराठीतही निघतात, फॅक्ट चेकचा विभागही आहे. पक्कं हवं असेल तर ई-राजपत्र. यूपीआयचं काही असलं तर एनपीसीआय, कर्जाच्या ॲपचं असलं तर रिझर्व्ह बँकेच्या साईटवरची यादी. दोन मिनिटांचं काम आहे, चहा येईपर्यंत होतं. आणि तारीख नसलेला मेसेज पुढं पाठवू नका. "उद्यापासून नवीन नियम" हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय, त्याचा उद्या काही उजाडत नाही. त्यात म्हणे व्हॉट्सॲपवर दोन निळ्या आणि एक लाल टिक आली की सरकार तुमच्यावर कारवाई करू शकतं.

हा मेसेज गेल्या आठवड्यात पहाटे साडेपाचला मला आला. पाठवणारे गुरुजी. मी लिहिलं, "गुरुजी, कर्ता कोण?"

दोन निळ्या टिक आल्या. तिसरी लाल अजून आलेली नाही, आणि गुरुजीही दोन दिवस बाकड्यावर आले नाहीत.