किट-विमान बांधताना: रिब ओळीत आणा, मगच भोक पाडा

किटमधून विमान बांधायला घेतलं की पहिले कित्येक महिने हेच काम चालतं: भोक पाडा, बर (भोकाच्या कडेला उठलेली धातूची धारदार कोर) काढा, रिव्हेट मारा. व्हॅन्स एअरक्राफ्टच्या आरव्ही मालिकेतल्या दोन आसनी विमानालाही हजारो रिव्हेट लागतात. अनेक किटांत भोकं कारखान्यातच पाडलेली येतात, पण किंचित लहान. भाग एकमेकांवर बसवून ती पूर्ण मापाला आपण न्यायची. जुन्या धाटणीच्या किटात रिबचा (बाहेरच्या पत्र्याला आतून आकार देणाऱ्या फासळीचा) फ्लँज, म्हणजे जिच्यावर पत्रा रिव्हेट होतो ती वळवलेली कड, बिनभोकाचा कोराच असतो, आणि खरी परीक्षा तिथे आहे.

आधी रिब सपाट टेबलावर ठेवा. दाबून वळवलेल्या फ्लँजमुळे ती बहुधा केळ्यासारखी वाकलेली असते. फ्लुटिंगच्या पकडीने, जिथे भोक येणार नाही अशा जागी, फ्लँजला छोट्या चुण्या पाडत ती सरळ करा. आता गुण्या लावून फ्लँज काटकोनात आहे का ते पाहा. या कामाची घाई करू नका. वाकडी रिब पत्र्याखाली ओढून बसवली तर तो ताण पत्र्यात कायमचा राहतो.

मग फ्लँजच्या मधोमध बारीक मार्करने रेष ओढा. पेन्सिल नको; ग्राफाइटने ॲल्युमिनियम गंजतं. पत्रा वर ठेवा आणि रिब सरकवत राहा. पत्र्याच्या प्रत्येक भोकातून ती काळी रेष बरोबर मधून जाताना दिसली पाहिजे. पहिल्या आणि शेवटच्या भोकात दिसली म्हणून थांबू नका, मधलीही बघा. भोकाच्या केंद्रापासून कडेपर्यंत रिव्हेटच्या व्यासाच्या किमान दुप्पट अंतर हवं. १/८ इंची रिव्हेटला सुमारे ६.४ मिमी.

३/३२ इंची रिव्हेटसाठी ४० नंबरचा आणि १/८ साठी ३० नंबरचा बिट लागतो. सुरुवात मधल्या भोकापासून करा, लगेच क्लेको, म्हणजे भोकातून भाग तात्पुरते घट्ट धरणारा स्प्रिंगचा चाप, लावा (३/३२ ला चंदेरी, १/८ ला तांबूस) आणि दोन्ही बाजूंना आळीपाळीने सरका. प्रत्येक क्लेकोनंतर पुढच्या भोकातली रेष पुन्हा पाहा.

बिट काटकोनात आहे हे ओळखायची माझी आवडती खूण म्हणजे चकचकीत पत्र्यातलं त्याचं प्रतिबिंब. बिट आणि प्रतिबिंब मिळून एक सरळ काठी दिसली पाहिजे. ती मध्येच मोडलेली दिसली, तर हात तिरका आहे. एका बाजूने पाहून झालं की पाव फेरी फिरून दुसऱ्या बाजूनेही पाहा. धारदार बिट, जास्त वेग, हलका दाब. माझ्या पहिल्या रडरवर मी बोथट बिट रेटला. तो आरपार गेला तसा ड्रिलचा चक (बिट धरणारा भाग) पत्र्यावर आपटला आणि भोक लांबट झालं. तेव्हापासून बिटवर रबरी नळीचा तुकडा चढवल्याशिवाय मी ड्रिल सुरू करत नाही.

सगळी भोकं झाली की भाग सोडवण्याआधी प्रत्येकावर डावा-उजवा आणि वरची बाजू लिहा. मग दोन्ही बाजूंची बर काढा, हाताने दोन-तीन हलक्या फेऱ्या पुरतात. जास्त खरवडलं तर भोकाची कड सुरीसारखी पातळ होते.

भोक लांबट झालंच, तर पुढच्या मापाचा रिव्हेट तेव्हाच वापरा, जेव्हा त्या व्यासानेही कडेचं अंतर पुरतं. पुरत नसेल तर किट कंपनीच्या तांत्रिक विभागाला फोटो पाठवा आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत तो भाग बाजूला ठेवा.