ट्रॅक्टरच्या लोडरला फ्लोट बसवायचाय? आधी टँकची लाइन बघा

गोठ्यातलं शेण खरवडताना किंवा रस्त्यावर टाकलेला मुरूम मागं ओढताना बकेट जरा दाबली की कोबा उखडतो, जरा उचलली की अर्धा माल तिथंच राहतो, आणि ड्रायव्हर बिचारा दिवसभर लिव्हर मागं-पुढं करत बसतो. फ्लोट यासाठीच असतो. फ्लोटमधे बूम (बकेट धरणारा हात) उचलणाऱ्या सिलिंडरच्या दोन्ही बाजू एकाच वेळी हायड्रॉलिक ऑइलच्या टँकला मोकळ्या होतात, पंपाचा दाब वरही नाही न् खालीही नाही, बकेट फक्त स्वतःच्या वजनानं जमिनीला टेकून चालते, उंचवटा आला की वर, खड्डा आला की खाली.

आधी तुमच्या लोडरला तो आहे का ते बघा. बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन स्लोवर ठेवा, बूमची लिव्हर खाली घ्यायच्या दिशेनं हळूहळू ढकला. पुढची चाकं उचलायला लागली तर ते पॉवर डाउन, म्हणजे पंपाच्या दाबानं खाली. त्याच्यापुढं अजून जोर दिल्यावर लिव्हर कट्कन अडकून तिथंच राहिली आणि चाकं परत खाली बसली तर फ्लोट आहे, खर्च वाचला.

नसेल तर दोन जुगाड हमखास सुचवले जातात. पहिला म्हणजे लिव्हरला खालच्या पोझिशनला अडकवायला खटका लावायचा. याचा काही उपयोग नाही, कारण पंप दाबत राहतो, रिलीफ (जादा दाब सोडणारा व्हॉल्व) ओरडत राहतो न् ऑइल तापतं. फ्लोटच्या स्पूलची (व्हॉल्वच्या बॉडीत सरकून ऑइलची वाट बदलणारा दांडा) घडणच वेगळी असते, त्याला वर, न्यूट्रल, खाली आणि फ्लोट अशा चार पोझिशन असतात. बरं, नुसता स्पूल आणून जुन्या बॉडीत घालू म्हणाल तर स्पूल न् बॉडीची जोडी सहसा मायक्रॉनच्या हिशोबात जमवलेली असते, दुसऱ्याचा स्पूल घातला तर एकतर अडकेल नाहीतर बूम उभ्या उभ्या खाली सरकेल.

दुसरा जुगाड म्हणजे सिलिंडरच्या दोन होजमधे बॉल व्हॉल्व टाकून दोन्ही लाइन एकमेकींना जोडायच्या. कागदावर बरं वाटतं पण हिशोब करून बघा. ६३ मिमी बोअर, ३५ मिमी रॉड आणि ५०० मिमी स्ट्रोकचे दोन सिलिंडर धरले तर खालच्या बाजूला साधारण ३.१ लिटर ऑइल मावतं आणि रॉडच्या बाजूला २.१५, कारण तिथली जागा रॉडनं खाल्लेली असते. म्हणजे बूम पूर्ण खाली यायला जवळजवळ एक लिटर ऑइल बाहेर जायला पाहिजे आणि वर जाताना तेवढंच आत यायला पाहिजे, त्यामुळं तिसरा रस्ता टँकला हवाच. बॉल व्हॉल्वच वापरायचे तर प्रत्येक लाइनला टी टाकून वेगळा हाय प्रेशरचा बॉल व्हॉल्व, आणि दोघांचं तोंड टँकला. पाण्याच्या पाइपाचा पितळी कॉक चालत नाही. आणि बकेट वर असताना कुणी कॉक उघडला तर बूम धाडकन खाली येते, म्हणून वर्षाकाठी एखाद-दुसऱ्या वेळीच फ्लोट लागणार असेल तरच या वाटेला जा, नाहीतर सरळ बूमच्या स्पूलला फ्लोट असलेला दोन लिव्हरचा मोनोब्लॉक (एकाच बॉडीतला) व्हॉल्व घ्या. पंप मिनिटाला किती लिटर ऑइल देतो ते बघून घ्या. सिलिंडरवर होज फुटली तर बूम धरून ठेवणारा लॉक व्हॉल्व असेल तर दुकानदाराला आधीच सांगा, तो दाब मिळाल्याशिवाय उघडत नाही आणि फ्लोटमधे दाब नसतोच.

आता टँकची लाइन, सगळी गंमत इथं आहे. लोडरच्या व्हॉल्वमधून निघालेलं ऑइल पुढं ट्रॅक्टरच्या लिफ्टला जात असेल तर पॉवर बियाँडवाला व्हॉल्वच पाहिजे, म्हणजे पुढची लाइन वेगळी आणि टँकची वेगळी. साधा व्हॉल्व लावून त्याचं आउट लिफ्टला दिलं तर लिफ्ट उचलताना तोच दाब उलटा येऊन फ्लोटमधल्या सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना बसतो, आणि रॉडच्या बाजूला जागा कमी असल्यानं बूम आपोआप वर ढकलली जाते. नुसता १० बारचा उलटा दाब असला तरी वरच्या मापाच्या दोन सिलिंडरवर जवळजवळ २०० किलोचा जोर वरच्या दिशेनं येतो, मग बकेट जमिनीला टेकणार कशी? म्हणून रिटर्नची होज प्रेशरच्या होजपेक्षा एक साइज मोठी, जमेल तेवढी आखूड आणि सरळ टँकमधे. फिल्टर चोंदला असेल तर तो पण बदलून टाका.

काम करताना बकेट पूर्ण जमिनीवर, इंजिन बंद, चावी खिशात, दोन्ही लिव्हर सगळ्या बाजूंना हलवून दाब काढा, टँकचं झाकण सैल करा. व्हॉल्व उघडायच्या आधी ब्रश न् डिझेलनं धुवा, होजला टेपनं खुणा करा न् मोबाइलवर फोटो काढा. उघड्या तोंडांना चिंध्या कोंबू नका, धागे आत जातात, प्लास्टिकच्या टोप्या लावा. बीएसपी (इंची मापाचे) न् मेट्रिक (मिलिमीटरचे) आटे हाताला सारखेच वाटतात, निपल पहिल्या दोन आट्यांत हातानं गेला नाही तर पान्याचा जोर लावू नका, आणि टेफ्लॉन टेपऐवजी बाँडेड वॉशर (आतल्या कडेला रबर असलेला) वापरा. बसवायची प्लेट वाकडी असेल तर बोल्ट आवळल्यावर बॉडी पिळते न् स्पूल जाम होतो, त्यामुळं बोल्ट आवळल्यावर लिव्हर हलवून बघा, जड झाली तर खाली शिम (पातळ पत्रा) घाला. रिलीफचा दाब गेज लावूनच सेट करायचा, लोडरच्या कंपनीनं दिलेल्या आकड्यावर.

चालू केल्यावर स्लोवर चार-पाच वेळा बूम वर-खाली करून हवा काढा, मग परत ऑइल बघा. गळती हातानं चाचपू नका, पुठ्ठा फिरवा, बारीक भोकातली धार कातडीच्या आत घुसते न् तसं झालंच तर वेळ न घालवता हॉस्पिटल गाठायचं. टेस्टला बकेट आधी पॉवरनं खाली घ्या, टेकली की मग फ्लोट. वरूनच फ्लोटमधे सोडली तर आपटते आणि सिलिंडरमधे पोकळी होते. बकेटच्या मागं, पुढच्या चाकांच्या अलीकडं एक जाड फळी टाका, बकेटचा तळ सपाट ठेवून तिच्यावरून सावकाश मागं या. बकेट फळीवर चढून उतरली आणि पुढची चाकं उचलली गेली नाहीत तर जमलं. फळीला अडकत असेल तर आधी बकेटचा कोन बघा, पातं खाली झुकलं असेल तर फ्लोटमधे पण ते माती उकरणारच.