मुंबईतली पहिली थंडी आणि जुने कपडे

नाशिककडून, खानदेशातून, विदर्भातून नोकरीसाठी नुकतेच मुंबईत आलेल्यांनो, ऑक्टोबरची काहिली सोसून झाली असेल. आता नोव्हेंबरात एखाद्या पहाटे पंखा बंद करायला उठावं लागेल. सांताक्रूझच्या वेधशाळेतलं किमान तापमान या महिन्यात एरवी वीस-बावीसच्या आसपास असतं. उत्तरेकडचे कोरडे वारे लवकर सुटले की ते झपकन खाली येतं आणि सोसायटीचे वॉचमन कानटोप्या घालून बसतात. मी निफाडची. तिकडे द्राक्षबागांसाठी पहाटे शेकोट्या पेटवतात, त्यामुळे इथल्या कानटोप्या पाहून हसू येणारच. पण सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंशांची नोंद झालेली आहे, तेव्हा मुंबईला अगदीच हिणवू नका.

इथली थंडी असते काही तासांची. पहाटे गोरेगाव-बोरिवलीकडे अंगावर काटा येतो. समुद्र जवळ असल्यामुळे कुलाब्याला तेवढं जाणवत नाही, आणि बदलापूर-कर्जतकडे त्याहून जास्त गारठा असतो. अकरा वाजले की ऊन तापतं आणि दुपारी तिशीच्या पुढे घाम. म्हणून गावाहून आणलेला आईच्या हातचा गळाबंद जाड स्वेटर इथे बिनकामाचा. गर्दीच्या लोकलमध्ये डोक्यावरून स्वेटर काढून बघा एकदा, शेजारच्याचा चष्मा जाईल. समोरून उघडणारं, हलकं, घडी करून सॅकमध्ये मावणारं, असं काहीतरी हवं. जुने कपडे इथेच कामी येतात. वर्षानुवर्षं धुऊन मऊ पडलेला सुती शर्ट, झिजलेली डेनिम, पातळ झालेली शाल या थंडीला पुरून उरतात. शिवाय थंडी वेळेआधी आली की फुटपाथवरचे स्वेटरवाले अजून आलेले नसतात, आणि दुकानातल्या नव्या, स्वस्त अ‍ॅक्रिलिकच्या स्वेटरमध्ये दादर येईपर्यंत उकडून निघायला होतं.

आता घ्यायचे कुठून? पहिली जागा म्हणजे काकांचं, मामांचं कपाट. त्या पिढीचे लोकरीचे हाफ स्वेटर आणि लग्नातले सूट तिथे डांबरगोळ्यांच्या वासात पडून असतात. मागायला लाजू नका. मामीने बोहारणीला देऊन त्यावर स्टीलचा डबा घेण्याआधी पोचा, एवढंच. बोहारणीकडे गेलेले कपडेही वाया जात नाहीत. निवडून, धुऊन, शिवून, इस्त्री करून ते पुन्हा बाजारात येतात. चोर बाजारात मटन स्ट्रीटच्या परिसरात शुक्रवारी पहाटे जुना बाजार भरतो, तिथे कपडे, बूट, पट्टे सगळं मिळतं. उजाडायच्या आत जा, मोबाइल आणि पाकीट पुढच्या खिशात ठेवा. चर्चगेटजवळच्या फॅशन स्ट्रीटवरचा आणि वांद्र्याच्या हिल रोडवरचा बराचसा माल नवा किंवा एक्स्पोर्टमधून राहिलेला असतो. तो जुना म्हणून विकला तर जास्त पैसे मोजू नका. इन्स्टाग्रामवरची थ्रिफ्टवाली, म्हणजे जुने कपडे विकणारी, दुकानं सोयीची, पण तिथे भाव कपड्याइतकाच फोटोचाही लागतो.

समजा, एक कॉर्डरॉयचं, म्हणजे उभ्या रेघांच्या मखमली कापडाचं, तपकिरी जॅकेट हातात आलं. आधी खांदे बघा. शिवण तुमच्या खांद्याच्या हाडावर येत नसेल तर ठेवून द्या, कारण बाह्या आणि बाजू कुठलाही अल्टरवाला लहान करून देतो, खांदे उतरवायला मात्र अख्खं जॅकेट उसवावं लागतं. मग कोपर: तिथल्या रेघा घासून सपाट झाल्या असतील तर हरकत नाही, आतून कापड विरलंय का ते उजेडाकडे धरून पाहा. काखेतलं अस्तर उलटं करून वास घ्या. धुळीचा वास उन्हाने जातो, बुरशीचा सहसा जात नाही. चेन दोनदा वरखाली करा. लेबलवरच्या साइझवर विसंबू नका, घरून नीट बसणारा एक शर्ट न्या आणि त्यावर ठेवून मापं जुळवा. लोकर खरी की खोटी असा प्रश्न पडला तर घरी आल्यावर आतल्या शिवणीतला एक धागा जाळून बघा. जळक्या केसांचा वास येऊन बोटांत चुरगळणारी राख झाली तर लोकर, वितळून कडक गोळी झाली तर अ‍ॅक्रिलिक.

आणलेलं काहीही धुतल्याशिवाय अंगाला लावायचं नाही. लोकर गार पाण्यात, रिठ्याने, न पिळता. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपायचं आणि सावलीत आडवी वाळवायची. पीजीच्या दोरीवर लटकवली तर स्वेटर गुडघ्यापर्यंत येईल.

घालण्याचं म्हणाल तर एका वेळी एकच जुनी वस्तू ठळक दिसू द्या. मामांचा हाफ स्वेटर पांढऱ्या शर्टावर, खाली साधी जीन्स. सगळंच जुनं घातलंत तर शाळेच्या गॅदरिंगला निघाल्यासारखं दिसेल. मुलींसाठी माझी आवडती युक्ती म्हणजे आजीची फाटलेली इरकल साडी. काठ आणि पदर शाबूत असतात, मधलं कापड विरलेलं असतं. चांगल्या भागातून गुडघ्यापर्यंतचं, बिनबटणाचं, बाह्यांचं जॅकेट शिवून घ्या, आतून जुन्या सुती साडीचं अस्तर, पाठीवर काठ. कुर्त्यावर, टी-शर्टवर, कशावरही जातं आणि पहाटेच्या सहाच्या लोकलला पुरतं. टेलरला 'अस्तर सुतीच' हे दोनदा सांगा, नाहीतर तो सवयीने सॅटिन लावतो आणि दुपारी ते पाठीला चिकटतं. मुलांनी डेनिम जॅकेटच्या आत पातळ खादीचा कुर्ता घालून बघावा. मोठ्या परदेशी लांब कोटाच्या मोहात मात्र पडू नका. विरारच्या गर्दीत तो कोट तुमच्याआधी उतरतो.

हे कपडे थंडीपुरतेच असं समजू नका. एसी लोकल आहे, आणि ऑफिसचा एसी तर मे महिन्यातही नाक गारठवतो. खुर्चीच्या पाठीवर कायमची एक जुनी शाल असू द्या.

जुनं चामड्याचं जॅकेट घ्यायचं मनात असेल तर आधी आपली खोली बघा. इथल्या पावसाळ्यात बंद कपाटात चामड्यावर पांढरी बुरशी चढते. तळमजल्यावर, ओल आलेल्या भिंतीला लागून कपाट असेल तर तो विचार सोडा. लोकर आणि कॉर्डरॉय होळीच्या आसपास धुऊन, ऊन दाखवून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घातलेल्या सुती पिशवीत घडी करून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आणि गणपतीनंतर पहिलं कडक ऊन पडलं की एकदा बाहेर काढा.