लाल कोळीवर मित्रबुरशी फवारताना ओल सांभाळावी

नाशिकच्या द्राक्षबागेत लाल कोळी या पानांतील रस शोषणाऱ्या बारीक किडीसाठी मित्रबुरशी, म्हणजे किडीला रोग लावून मारणारी बुरशी, वापरायची असेल, तर पानांच्या खालच्या बाजूला जाळी धरण्याआधी, भिंगातून तुरळक कोळी दिसू लागताच सुरुवात करावी. कीड अनावर झाल्यावर बुरशीवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. ब्युव्हेरिया, मेटारायझियम किंवा लेकॅनिसिलियम यांपैकी कोळीसाठी शिफारस असलेले उत्पादन घ्यावे आणि त्यावरची मुदत व साठवणुकीची सूचना पाहावी, कारण दुकानाच्या दर्शनी भागात उन्हात तापलेल्या पुड्यातील बीजाणू (बुरशीची सूक्ष्म बीजे) बहुधा मेलेलेच असतात. लेबलवरील प्रमाणात द्रावण करून ते वस्त्रगाळ करावे.

खरी अडचण पुढे आहे. बीजाणू कोळीच्या अंगाला चिकटतो, रुजतो आणि त्वचा भेदून आत शिरतो. त्यासाठी त्याला साधारण २० ते ३० अंश तापमान आणि कित्येक तास टिकणारी ९० टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता लागते, तर कडक उन्हातील अतिनील किरणे त्याला मारतात. निफाड-दिंडोरीकडे जानेवारीत दव भरपूर पडते, पण पारा इतका उतरतो की रुजवण रेंगाळते. मार्चमध्ये ऊब असते, पण हवा कोरडी असते. ही कोंडी मलाही बराच काळ सुटली नव्हती. म्हणून थंडीची लाट ओसरून रात्री उबदार होऊ लागतात, तरी पहाटे पानांवर दव असते, ते दिवस निवडावेत. दुपारी ठिबकने पाणी देऊन जमीन ओली ठेवावी आणि सूर्य मावळताना पानांची खालची बाजू भिजेल अशी फवारणी करावी. ओलीसाठी वरून पाणी मारण्याचा सल्ला मात्र ऐकू नये, कारण मण्यांत पाणी उतरल्यानंतर, म्हणजे मणी मऊ पडू लागल्यावर, घड भिजत राहिले, तर तडे आणि कूज यांना निमंत्रण मिळते. गुलाबाच्या पॉलिहाउसमध्ये फॉगरने (धुके सोडणाऱ्या यंत्राने) हे काम सहज होते. तेवढी सोय उघड्या मांडवाला नाही.

भुरी-डाऊनी या द्राक्षावरील बुरशीजन्य रोगांच्या औषधात मित्रबुरशी मिसळून ‘एकाच फेरीत काम’ करण्याचा सल्ला तर सरळ धुडकावावा. गंधक, मँकोझेब, बोर्डो किंवा ट्रायझोल गटातील औषधे रोगाच्या बुरशीसह मित्रबुरशीलाही मारतात. मित्रबुरशीच्या फवारणीआधी आणि नंतर अशा औषधांपासून आठवडाभर अंतर ठेवावे आणि पंप, टाकी, नळ्या आधी स्वच्छ धुवाव्यात. भुरी जोरात असेल, तर आधी तिचा बंदोबस्त करावा आणि मित्रबुरशी लांबणीवर टाकावी.

पहिले काही दिवस फरक दिसत नाही, म्हणून घाईने रासायनिक कोळीनाशक मारू नये. अंडी बहुधा वाचतात आणि कात टाकताना पिल्लांच्या अंगावरचे बीजाणूही गळतात, त्यामुळे साधारण आठवड्याने दुसरी फवारणी घ्यावी. मेलेल्या कोळीवर बुरशीची पांढरी लव कोरड्या हवेत दिसतेच असे नाही; मेलेले कोळी असलेली पाने ओल्या कागदासह झाकणाच्या डब्यात दोन-तीन दिवस ठेवून भिंगाखाली पाहावीत. तिथेही लव नसेल, तर तेच पुडे पुन्हा वापरण्याआधी विक्रेत्याकडे तारखेची आणि साठवणुकीची चौकशी करावी.